मिठाचा एक

पौष लागला की सिल्वासात दोन गोष्टी साधारण एकाच सुमाराला येतात. रस्त्याच्या कडेला मडकी उलटी मांडून त्यांत कंद, पापडी, बटाटे भाजणाऱ्या उंबाडियुवाल्यांच्या ताडपत्र्या, आणि पहाटे दमणगंगेवरून उठून आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत येणारं धुकं. उंबाडियुची मी वाट पाहतो. धुक्याची पाहत नाही. ते आलं की समोरची इमारत जाते आणि तिच्या खिडक्यांतले दिवे तेवढे राहतात. भिंतींवाचून लटकलेले दिवे. खाली पहिल्या पाळीला निघालेली माणसं एकमेकांना हिंदीत, गुजरातीत, माझ्या खानदेशाकडच्या मराठीत हाका मारत जातात, आणि दिसत एकही नाही. या गावात अर्धं आयुष्य गेलं, तरी अशा सकाळी गॅलरीत उभं राहिलं की मला वाटतं, हाका मारणाऱ्यांत एक आवाज जास्तीचा आहे.

याच दिवसांत माळ्यावरून बांबूची टोपली खाली काढायची असते. झाकणाची, गोल, दोन मजली. दरवर्षी ती मी धुऊन, उन्हात वाळवून, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून वर ठेवतो. ठेवताना तिला कसलाच वास नसतो. पौषात अभ्रा सोडला की आल्याचा आणि तिळाच्या तेलाचा वास येतो, आताच कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखा. याला कारण असेल. बांबू ओल धरतो, तेल धरतो. मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो, मला कारणं माहीत असतात. तरी अभ्रा सोडताना मी तोंड थोडं मागे घेतो.

ही टोपली आमच्याकडे आली ती लियांगमुळे. आमच्या कारखान्यात खाऊचे पारदर्शक डबे बनतात. उजेडाच्या काचेसमोर डबा धरायचा, आत बुडबुडा, चीर, काळा ठिपका दिसला की बाजूला ठेवायचा आणि वर कळवायचं, हे माझं काम. बघणं आणि कळवणं. माझी मुलगी मुक्ता आता सुरतेला नोकरी करते. ती शाळेत होती त्या एका हिवाळ्यात नवं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला लियांग आला. चीनच्या दक्षिणेचा, कँटनच्या मुलखातला. गेस्टहाउसचा स्वयंपाकी महाराज त्याला रोज पनीर वाढायचा. मी घरी सांगितलं तेव्हा सुधा, माझी बायको, म्हणाली की परवा बाजारात दिसला होता तो, पनीर खाऊन त्याचं तोंडही पनीरसारखं झालंय, रविवारी घेऊन या त्याला.

तो आला तो टोपली आणि पांढऱ्या पिठाची दोन पाकिटं घेऊन. आमच्या जेवणाच्या बदल्यात त्याला आम्हाला त्याच्या घरचे डिमसम, कोळंबी भरून वाफवलेले मोदकासारखे, खायला घालायचे होते. पिठावर उकळतं पाणी एकदम ओतायचं, झाकून ठेवायचं, मग तेलाच्या हातानं मळायचं. आपली उकडच ती. सुधानं कोरड्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि हसायला लागली.

"अहो, हा तर कुरडईचा चीक."

गहू भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसतो तो चीक. चोपड्याला तिच्या माहेरी उन्हाळ्यात परातीच्या पराती निघायचा. फोनमधल्या भाषांतरातून यातलं लियांगपर्यंत काय पोचलं कोण जाणे, तो उठला आणि तिला वाकून नमस्कार करून पुन्हा बसला. दुसरं पीठ साबुदाण्याच्या कुळातलं निघालं. तो सुरीच्या पात्याला तेल लावून गोळी दाबायचा आणि पारी काढायचा; सुधानं पुरीचं यंत्र आणलं आणि त्याच्या दुप्पट वेगानं पाऱ्या काढल्या. मग दोघंही हट्टाला पेटले. आत कोळंबी, थोडी ठेचलेली आणि थोडी अख्खी, आलं, पांढरी मिरपूड, तिळाचं तेल, आणि त्याच्याकडच्या कुठल्याशा कुरकुरीत कंदाऐवजी बाजारातला ताजा शिंगाडा बारीक चिरून.

मोदकाच्या पाकळ्या सगळीकडून वर येतात आणि टोकाशी मिटतात. याच्या पाकळ्या एकाच कडेला जमतात, दुसरी कड सपाट राहते. त्यामुळे तयार झालेला डिमसम मान एका बाजूला कलती करून काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसतो. टोपलीभर मांडले की सगळे एकाच दिशेला कान देऊन बसलेले.

वाफेवर जाताना पारी पांढरी असते. झाकण काढलं तरी लगेच काही दिसत नाही. क्षणभर हवा लागली की ती निवळते, आणि आतली कोळंबी गुलाबी, वाकलेली, हळूहळू वर येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. मुक्ता पोटात असताना सोनोग्राफीच्या पडद्यावर अशीच दिसली होती. दिसते आहे, पण आपण आणि ती यांच्यामध्ये काहीतरी आहे.

लियांग मशीन बसवून गेला, टोपली आम्हाला ठेवून गेला. आणि तिच्यात आमच्या घरानं आपलं मीठ घातलं.

ती मिठाची रीत माझ्या आईची. आमच्याकडे धुळ्याला पौषातल्या संकष्टीला कणकेचे एकवीस मोदक व्हायचे, आणि त्यांतल्या एकात गूळखोबऱ्याऐवजी नुसतं मीठ. कोणत्या, ते नंतर आईलाही ठाऊक नसे; भरून झाले की ती डोळे मिटून ताट फिरवायची. चंद्र उगवल्यावर सगळे पानावर बसायचे. ज्याच्या तोंडात मिठाचा येईल त्यानं तिथंच थांबायचं, पाणी प्यायचं आणि उठायचं. पहिल्याच घासाला आला तरी उठायचं. पोट भरलं का, हे कुणी विचारायचं नाही. कुणी लपवायला बघितलं तर आई तोंडावरून ओळखायची. "मीठ उनं ना? ऊठ मंग," एवढंच म्हणायची. लहानपणी मला त्या ताटाची भीती वाटे. उठून गेलेल्याची रिकामी जागा, तिच्यापुढचं अर्धं पान, आणि तिकडे न बघता खात राहिलेले आम्ही बाकीचे.

सुधानं ही रीत डिमसमला लावली. देवाच्या दिवशी कोळंबी चालायची नाही, म्हणून संकष्टीनंतरचा रविवार. या पारीतून आतलं दिसतं, तेव्हा नुसतं मीठ भरून भागणार नव्हतं; ती मोठा चमचाभर मीठ कोळंबीतच कालवायची, सगळ्यांत शेवटी तो एक भरायची, आणि माझ्या आईसारखी डोळे मिटून टोपली फिरवायची. उठणाऱ्यानं भांडी घासायची, ही तिची भर. बाकी कुणाला तो ओळखू येत नसे. मला यायचा. मीठ कोळंबीचं पाणी काढतं, त्यामुळे त्याची पारी तळाशी ओलसर आणि किंचित बसकी होते. रोज डबे बघणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. मी ते कधी बोललो नाही, आणि तो माझ्या वाट्याला कधी आला नाही.

सुधा म्हणायची, यांच्या नशिबात मीठच नाही. मुक्ता म्हणायची, पप्पा चीटिंग करतात. मी म्हणायचो, मी चीटिंग पकडणारा माणूस आहे, करणारा नाही. मग मायलेकींपैकी कुणीतरी भांडी घासायला उठे, आणि मी पुढचा डिमसम उचलायचो.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी ओट्याच्या वर, पूर्वेला आहे. टोपलीतून वाफ निघू लागली की तिची काच पांढरी होते. सुधाला सवय होती, मळता मळता तेलाच्या तळव्यानं ती काच पुसायची आणि बाहेर बघायची. चंद्र आला का, गॅसचा माणूस आला का, शेजारच्या इमारतीत कुणाकडे दिवा आहे, काहीही. काचेवर एक तळवा आणि चार बोटं स्वच्छ उमटायची. त्यातून बाहेरचा अंधार आत बघायचा.

मग तिचं दुखणं आलं. आधी वापी, मग मुंबई. त्याबद्दल फार लिहवत नाही. उपचारांत डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून एक गोष्ट बजावली होती. तोंडाची चव गेली, अन्न नकोसं झालं, तर लपवू नका. आम्हाला सांगा, औषध बदलून बघता येतं.

त्या पौषात ती घरी होती आणि मुक्ता कॉलेजातून सुट्टी काढून आली होती. सुधा म्हणाली, मला पाणी बघायचंय, म्हणून आम्ही दुधनीला गेलो. धरणाचं पाणी तिथं डोंगरांत शिरून बसलेलं आहे. होडीत आम्ही तिघं आणि नावाडी. नावाडी वल्हवता वल्हवता सांगत होता की खाली शेतं आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की झाडांचे बुंधे उभेच्या उभे वर येतात. सुधानं हात पाण्यात सोडला होता. मग मला म्हणाली, "पाण्याखालची विहीर भरलेली म्हणायची की रिकामी?"

मी नावाड्याला होडी वळवायला सांगितलं.

किनाऱ्यावर मी शेंगदाण्याची पुडी घेतली. खारे दाणे, बोटांना मीठ लागत होतं. ती मूठभर चघळत होती आणि चघळता चघळताच तिनं विचारलं, हे खारे आहेत का साधे? मुक्ता पुढे गेली होती. मी म्हटलं, खारे आहेत. ती म्हणाली, हो, तेच म्हणते. घरी परतताना वासोण्याजवळ संध्याकाळ झाली. सफारीच्या कुंपणामागून सिंहाचा आवाज आला, गाडीच्या काचा वर असूनही आला. एरवी मुक्ता नक्कल करायची.

गेले काही दिवस सुधा रोज भाजी ढवळताना मला हाक मारून विचारत होती, मीठ बघा हो, बरोबर आहे ना? लग्न झाल्यापासून तिनं हे कधी विचारलं नव्हतं. या सगळ्या गोष्टी मी एका ओळीत मांडायला हव्या होत्या. कारखान्यात मी ते केलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं सगळं स्वतः केलं, खुर्चीवर बसून. शेवटच्या डिमसमसाठी वाटीत मीठ कालवलं, ते मी पाहिलं. डोळे मिटून टोपली फिरवली. वाफेवर ठेवली, उठून तेलाच्या तळव्यानं काच पुसली, बाहेर बघितलं.

टेबलावर टोपली आली तशी माझी नजर आपोआप फिरली. तो तिच्याच बाजूला होता. तळाशी ओलसर, बसका. तिचा हात त्याच्याकडेच गेला, आणि मी हसू दाबून बसलो. आता तोंड वाकडं करेल, मुक्ता टाळ्या वाजवेल. तिनं तो उचलला. अख्खा तोंडात घातला, चावला, गिळला. आणि पुढचा उचलला.

माझं हसू चेहऱ्यावर राहिलं, ते काढून कुठं ठेवायचं ते मला कळेना.

टोपली संपली तेव्हा मुक्तानं विचारलं की मीठ कुणाला आलं. सुधा म्हणाली, विसरले वाटतं घालायला. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीकडे बघत म्हटलं, असेल. त्या दिवशी भांडी मी घासली. नळ मोठा सोडून घासली.

पुढच्या आठवड्यात मुंबईला डॉक्टरांनी विचारलं, खाणं कसं आहे? सुधा म्हणाली, छान आहे, घरचं सगळं खाते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. एवढंच. चमचाभर मिठाची गोष्ट सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. पण ती सांगितली असती तर तिनं आदल्या रविवारी आम्हाला दिलेली ती संध्याकाळ मी तिच्या देखत मोडली असती, असं मला तेव्हा वाटलं. निदान नंतर मी स्वतःला असं सांगितलं.

चैत्रात ती गेली. औषध बदललं असतं तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर मिळेल.

त्यानंतरच्या पौषात मुक्ता सुरतेहून आली आणि तिनंच टोपली काढायला लावली. तिनं टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. पाऱ्या तिच्या, सारण माझं, असं वाटून घेतलं. शेवटचा एक भरायची वेळ आली तेव्हा मिठाचा चमचा हातात धरून मी उभा राहिलो. ती पाठमोरी होती. चमचा परत बरणीत ठेवला आणि साधाच डिमसम भरला. मला पुन्हा एकदा तो कुणाच्या तोंडात जाताना बघायचा नव्हता. जेवताना अर्ध्या टोपलीत मी तोंड वाकडं करून म्हटलं, आला मला. पाणी प्यालो आणि उठलो. मुक्ता म्हणाली, पप्पांच्या नशिबात शेवटी आलं मीठ. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून उभा राहिलो.

खिडकीची काच वाफेनं पांढरी झाली होती. आणि तिच्यावर, पांढऱ्यात काळा, एक तळवा आणि चार बोटं होती.

याचंही कारण आहे. काचेला लागलेलं तेल निघत नाही, तिथं वाफ धरत नाही, बाकीची काच पांढरी झाली की तेवढी जागा उघडी पडते. वर्षभर काच कोरडी असते तेव्हा काहीच दिसत नाही. मी कारण स्वतःला दोनदा सांगितलं. दिवाळीला बाई काचा पुसायला आली की मी तिला सांगतो, ती खिडकी राहू दे. का, ते ती विचारत नाही.

गेल्या वर्षीही तसंच झालं. मीठ न घालता मी घातल्याचं नाटक केलं, तोंड वाकडं केलं, उठलो. फक्त या वेळी मुक्ता काही म्हणाली नाही. माझ्या पाठीकडे बघत बसली असावी. काचेवरचा तळवा तिथंच होता.

यंदा पौष लागल्यावर तिचा फोन आला. गाडी वापीला किती वाजता पोचेल, कोळंबी दमणची आणा, फ्रीजरमधली नको, शिंगाडा मिळतो का बघा, असं सगळं ती हिंदी, गुजराती, मराठी मिसळून नेहमीसारखं घाईत बोलत होती. फोन ठेवताना म्हणाली, "आणि पप्पा, यंदा खरंच मीठ घाला हां."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ 'खरंच' हा शब्द घरात फिरत होता.

रविवारी पलीकडचा कारखाना बंद असतो. त्याची घरघर आम्हाला एरवी सवयीनं ऐकू येत नाही, थांबली की मात्र घरातले आवाज मोठे होतात. फ्रीज, घड्याळ, आणि तापू लागलेल्या टोपलीची बारीक कुरकुर. मुक्ता पुरीच्या यंत्रावर पाऱ्या काढत होती. तिच्या पाकळ्या आता सुधासारख्या पडतात, लहान आणि दाट. बोलणं चाललं होतं ते तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या लग्नाचं. वाफ वाढली, काच पांढरी झाली, आणि तो तळवा आला. मुक्ता बोलता बोलता थांबली. ती ओट्याशी गेली, आपला हात वर केला आणि त्या तळव्याच्या अगदी जवळ नेला. काचेला लागू दिला नाही. मापात बसतो का बघत होती बहुधा. मग हात खाली घेतला आणि लग्नाची गोष्ट जिथं सोडली होती तिथून पुढे सांगू लागली.

शेवटचा डिमसम मी भरला. मोठा चमचाभर मीठ, कोळंबीत कालवून. डोळे मिटले आणि टोपली फिरवली. फिरवताना मला वाटलं की ती माझ्या हातांनी थांबवायच्या आधी थांबली. वाटलं असेल.

तीन ताटल्या. टोपली मधोमध. झाकण काढलं आणि वाफ सरळ माझ्या चष्म्यावर आली. पुसला, पुन्हा धूसर झाला. डोळेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. मान कलती करून बसलेल्या त्या सगळ्यांत मला एकही वेगळा दिसेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी इतरांसारखा आंधळेपणानं खात होतो. प्रत्येक घास तोंडात घेताना जीभ आक्रसायची. कोळंबी, आलं, शिंगाड्याची करकर. मुक्ता समोर शांतपणे खात होती. पाणी पीत होती, खात होती. टोपली रिकामी होत गेली.

एक उरला.

आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझा. उचलला आणि तोंडात घातला. कोळंबी, आलं, शिंगाडा. गोडसर.

मीठ नव्हतं. मी घातलं होतं, आणि ते कुठंच नव्हतं.

समोर मुक्ता बोटं पुसत होती, आणि तिची हनुवटी, मान, बोटं पुसायची रीत, सगळं मला ओळखीचं होतं. हे मी पाहिलेलं होतं. हीच टोपली, हेच टेबल, अख्खा गिळलेला घास आणि पुढच्याकडे गेलेला हात. आता ती म्हणेल, विसरलात वाटतं घालायला. आणि मी म्हणेन, असेल. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, त्याची चव मला येत होती.

"मुक्ता," मी म्हटलं, "तुला चव येते ना?"

तिनं मान वर केली. उत्तराची वाट न बघता मी बोलू लागलो, आणि मग थांबता आलं नाही. दुधनीचे शेंगदाणे सांगितले. ओलसर पारीवरून मला तो नेहमी ओळखू यायचा, हे सांगितलं. तिच्या आईनं तो खाल्ला आणि तिला कळलाच नाही, हे मी समोर बसून पाहिलं आणि असेल म्हणालो, हे सांगितलं. डॉक्टरांपुढे हलवलेली मान सांगितली. गेली दोन वर्षं मीठ न घालता नाटक करून उठत होतो, तेही सांगितलं.

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "मिठाची बरणी तुम्ही उघडायचात आणि मीठ कालवायची वाटी कोरडीच असायची."

तिनं पेला बाजूला सारला.

"मला आला होता," ती म्हणाली. "आज. दुसराच घास."

"मग उठली का नाहीस?"

"उठले असते तर तुम्ही एकटे राहिला असतात ना इथं. त्या ताटलीसमोर."

मी तिच्या पेल्याकडे पाहिलं. ती किती पाणी प्यायली होती, तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती पुढे म्हणाली, "आईलाही कळला होता, पप्पा. मी समोरच होते. तिचे डोळे एकदम भरले. पदरानं पुसले आणि मला म्हणाली, वाफ लागली. तुम्ही तेव्हा खाली बघत होतात. टोपलीत."

ती हे इतकी वर्षं का बोलली नाही, हे मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही असेल म्हणालात. मला वाटलं, तुम्हा दोघांचं काहीतरी ठरलंय, मी मध्ये बोलू नये."

मी आठवून पाहिलं. तिची बोटं आठवली. त्यांतला डिमसम आठवला, त्याची तळाशी ओली झालेली पारी, पाकळ्या, टोपलीत पडलेली रिकामी जागा, सगळं उजेडाच्या काचेसमोर धरल्यासारखं आठवलं. तिचा चेहरा आठवेना. तो घास तिच्या तोंडात गेल्यानंतर मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

म्हणजे चव होती? मग शेंगदाणे? मग रोजचं ते मीठ बघा हो? की चव जात चालली होती आणि चमचाभर मीठ लागलं तेव्हा कुठं तिच्यापर्यंत लांबून काही पोचलं, आणि ते पोचलं म्हणून डोळे भरले? की तिला पुरतं कळलं, आणि माझ्या आईच्या रीतीप्रमाणे आता पानावरून उठावं लागेल, म्हणून तिनं ते गिळलं? यांतलं कोणतं खरं, हे मला कळायचं नाही. जो दोष मी इतकी वर्षं उचलून हिंडलो, तो माझा आहे की नाही तेही आता सांगता येत नाही. त्याच्या जागी दुसरा आहे. तो लहान दिसतो, पण तो नक्की माझा आहे.

"खूप खारट होता हो," मुक्ता म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिचा आवाज मोडला. मी तिचा पेला भरला. या वेळी मी तिच्याकडे बघत होतो. पेला भरून वाहिला, पाणी टेबलावरून तिसऱ्या ताटलीपर्यंत गेलं, तरी मी तिच्याकडेच बघत होतो.

आतून, ओट्यावर राहिलेल्या टोपलीच्या खालच्या मजल्याची कुरकुर येत होती, गार होताना ती अशीच बोलते. काच निवळत चालली असणार आणि तळवा तिच्याबरोबर जात असणार, पुढच्या पौषापर्यंत. भांडी तशीच होती. रीतीप्रमाणे आमच्यापैकी एकानं उठायला हवं होतं.

तीन ताटल्या समोर होत्या. आम्ही बसून राहिलो. कुणीच उठलं नाही.